सकाळच्या उदबत्तीचा वास

मित्रांनो, माझी घरघर ऐकून कान झाकू नका. मी आहे एक्झॉस्टचा पंखा, वीस वर्षांचा म्हातारा, तीन पात्यांचा आणि तोंडाने जरा फटकळ. सध्या माझा मुक्काम नाशकाजवळ एकलहऱ्याला वत्सलाबाईंच्या स्वयंपाकघरात आहे. पण माझी उमेदीची वर्षं गेली ती नाशकात, डॉक्टर उत्तरा यांच्या दातांच्या दवाखान्यात.

दवाखाना नवा होता तेव्हा मला खुर्चीमागच्या भिंतीत उंचावर बसवलं. दात कोरायचं मशीन सुरू झालं की पाण्याचा बारीक फवारा उडतो. त्यात पेशंटची थुंकी असते आणि कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याचे जंतूही. ते दिसत नाहीत, पण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. त्यांना बाहेर हाकलायचं काम माझं. दवाखान्यातल्या मदतनीस वत्सलाबाई सकाळी नऊला गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायच्या आणि लगेच माझं बटण दाबायच्या. पहिला पेशंट येईपर्यंत धूर, वास, सगळं मी बाहेर काढलेलं असायचं. दर शनिवारी त्या स्टुलावर चढून माझी पाती पुसायच्या. काय दिवस होते ते!

करोनात तर माझा भाव भलताच वधारला. डॉक्टर येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या की इथली हवा खेळती आहे, घाबरू नका. त्याच साथीत वत्सलाबाईंना घरी लागण झाली. त्या वाचल्या, पण छाती कायमची नाजूक झाली.

साथ ओसरली आणि गरज सरो, वैद्य मरो! दवाखान्यात एसी आला. गार हवा बाहेर जाते म्हणून माझ्या तोंडावर थर्माकोल ठेवून चिकटपट्टी मारली. मारली कुणी? वत्सलाबाईंनीच. खरं सांगतो, मला फार लागलं ते. दोन वर्षं मी अंधारात कोळ्यांच्या संगतीत काढली. एसी मेला तीच तीच हवा गार करून फिरवत होता आणि लोक त्याचंच कौतुक करत होते.

या हिवाळ्यात वत्सलाबाई तीनदा आजारी पडल्या. बंद खोलीतलं काम नको असं छातीच्या डॉक्टरांनी बजावलं, आणि मुलगा हर्षल नोकरी सोड म्हणून मागे लागला. पंधरा दिवसांच्या रजेनंतर एका दुपारी त्या आल्या, त्या निरोप घ्यायलाच. दारातून आत पाऊल टाकलं आणि थबकल्या.

"मॅडम, उदबत्ती आत्ता लावली का?"

"नाही मावशी, सकाळी नऊला. तुम्ही नाही म्हणून मीच लावते हल्ली."

वत्सलाबाईंनी वर थर्माकोलकडे पाहिलं. "वास अजून जाईना. मग सकाळपासून जेवढे पेशंट खोकून गेले, ते पण सगळं इथंच हाय की."

बिचाऱ्या डॉक्टरांचा चेहराच उतरला. त्यांनी खिडकी उघडली, स्वतः स्टुलावर चढल्या आणि थर्माकोल ओढून काढला. वत्सलाबाईंनी खालून स्टूल धरलं होतं.

मला वाटलं, आले आपले दिवस! पण वायरमन चिमाजीने मला खोलून पाहिलं आणि सांगितलं की याच्यात आता एवढ्या खोलीचा दम उरला नाही. माझ्या जागी मोठा नवा पंखा आला. नवे नियमही आले. पेशंटने आधी चूळ भरायची, फवारा तोंडापाशीच नळीने ओढून घ्यायचा, आणि दोन पेशंटच्या मध्ये खोली थोडा वेळ रिकामी ठेवायची. हर्षलने स्वतः येऊन सगळं पाहिलं, तेव्हा कुठे तो आईला कामावर पाठवायला तयार झाला.

आणि मी? मी कोपऱ्यात, भंगारवाल्याची वाट बघत. डॉक्टर त्याला हाक मारणार, तेवढ्यात वत्सलाबाई म्हणाल्या, "याला मी नेते, मॅडम. याचं तोंड मीच बंद केलं होतं."

मित्रांनो, माझ्यासारख्या कुणाच्या तोंडावर पुठ्ठा चिकटवायच्या आधी खोलीत एक उदबत्ती लावून बघा. वास जात नसेल, तर बाकीचंही जात नाही. आमची पाती अधूनमधून पुसत जा, एवढंच मागणं.

आता संध्याकाळी वत्सलाबाई कामावरून येतात, माझं बटण दाबतात आणि मिरचीची फोडणी टाकतात. फोडणी तडतडते, मी घरघरतो, आणि त्यांना ठसका लागत नाही.