सातवी दुरुस्ती

मालकांचं डोकं रोज सकाळी नव्याने सुपीक व्हायचं आणि त्याचा ताप नकाशांच्या खोलीला व्हायचा. आज संडास पूर्वेला, उद्या पश्चिमेला, परवा भिंतच नको. चोवीस मजल्यांची इमारत एकविसाव्यापर्यंत चढली होती, तरी ती शेवटी कशी दिसणार हे छातीठोकपणे सांगेल असा माणूस साइटवर नव्हता.

नकाशांच्या खोलीत बसणाऱ्या ताईचं काम मात्र अगदी पक्कं होतं. ड्रॉइंग बदललं की नव्या प्रती द्यायच्या, जुन्या मोजून परत घ्यायच्या, रजिस्टरमध्ये सही करायची आणि जुन्या फाडून टाकायच्या. जुना कागद साइटवर राहिला तर माणसं जुनीच इमारत बांधत बसतील, एवढं साधं ते शहाणपण. त्यासाठी ती कुणाचीही भीडभाड ठेवायची नाही. जुनी प्रत हरवली म्हणणाऱ्या प्लंबरला तिने एकदा अख्खी दुपार कचऱ्याच्या ढिगात उभं केलं होतं.

सवलत फक्त एकाला होती. लोखंड बांधणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. वडील गेल्यावर स्वतःची शाळा सोडून त्याने तिला शिकवलं होतं. सातवी दुरुस्ती आली तेव्हा तो जुनी एकच प्रत घेऊन आला. "दुसरी वर आहे, देतो आणून," म्हणाला. तिने रजिस्टरमध्ये 'दोन परत मिळाल्या' असं लिहून टाकलं. दादाच तो, त्याच्याकडे काय पावती मागायची!

त्या गोष्टीला चार महिने झाले होते. आज सकाळी एकविसाव्या मजल्यावर कुणाची तरी सही घ्यायला ती गेली, तर कॉलमला तारेने बांधलेलं एक ड्रॉइंग दिसलं. झकास लॅमिनेशन केलेलं. सिमेंटच्या पाण्याने कागद खराब होतात म्हणून दादाने ते हौसेने करून आणलं होतं. तिने सहज कोपरा पाहिला. तिथे सहाचा आकडा होता.

सातव्या दुरुस्तीत काय बदललं होतं ते तिला तोंडपाठ होतं. मालकांना विसाव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव हवा झाला होता, म्हणून बाराव्यापासून वर त्याच्याखालच्या चार कॉलमांत सोळाऐवजी चोवीस सळ्या घालायच्या होत्या. पण आजवर बदलले ते संडास आणि दरवाजे. कॉलम कुठे बदलतात, असं म्हणून टोळी कॉलमांसाठी ते टिकाऊ प्लास्टिकच बघत राहिली. तपासणाऱ्या इंजिनिअरनेही नवा चुरगळलेला कागद उलगडायचा कंटाळा केला आणि त्याच प्लास्टिकवर बोट ठेवून सळ्या मोजल्या. सोळा होत्या, सोळा भरल्या. आठ मजले असेच वर गेले होते.

ते ड्रॉइंग काखेत मारून ती थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेबांनी ते पाहिलं, उठून दार लावलं आणि पुन्हा येऊन बसले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"छान. मग आठवी दुरुस्ती काढा. चार कॉलम, सोळा सळ्या. तारीख मागच्या महिन्याची टाका."

तिला आधी कळेचना. बांधकाम चुकलं होतं, तर साहेब नकाशाच बांधकामासारखा करून घेत होते!

"साहेब, पण वर तलाव आहे. तीन वाजता पाणी भरायचंय."

"मालक येतायत, भरावंच लागेल."

"पण पेलेल का ते?"

"हिशेबात थोडी जास्तीची ताकद धरलेली असते."

"किती?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "मुकादम तुमचा भाऊ ना? चौकशी झाली तर आधी तो अडकणार. आणि रजिस्टरमधली खोटी नोंद कुणाची, ते मी सांगायला नको."

तिचा राग अनावर झाला होता, पण दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्याने उभ्या आयुष्यात कामात कसूर केली नव्हती. तिने शिक्का मारला, सही केली. 'पाणी भरण्यास हरकत नाही' या कागदावरही साहेबांनी तिची सही घेतली. दादाला काही सांगायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं.

पावणेतीनला दादाच दारात उभा राहिला, नवं हेल्मेट घालून, स्वारी खुशीत.

"अगं, साहेबांनी आज मोठं काम दिलंय. पाणी भरेपर्यंत मी एकोणिसाव्यावर, तलावाच्या बरोबर खाली. चार कॉलमांवर लक्ष ठेवायचं. कुठे बारीकशी चीर दिसली तरी फोन करायचा. म्हणाले, तुझ्याइतका भरवशाचा माणूस नाही."

तिने उठून त्याची बाही धरली.

"दादा, तू नको जाऊस."

"का?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिने सगळं सांगितलं. प्लास्टिक, सोळा, चोवीस, शिक्का. तो ऐकता ऐकता खुर्चीवर टेकला. तिला वाटलं, आता हा रडेल. पण तो झटक्यात उठला.

"सोळाव्यावर गिलाव्याची माणसं आहेत. अठराव्यावर फरशीवाले." एवढंच बोलून तो मालाच्या लिफ्टकडे पळाला. तिने हाका मारल्या. त्याने वळूनही पाहिलं नाही.

ती पंपाच्या खोलीकडे धावली. पंप धडधडत होता.

"बंद करा तो! आत्ताच्या आत्ता!"

पंपवाला भला माणूस होता. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. "अहो ताई, हरकत नाही असं तुम्हीच लिहून दिलंय की. मालक लवकर आले, म्हणून एक वाजताच चालू केला."

त्याला बाजूला ढकलून तिने खटका पाडला. पंप थांबला.

"किती भरलाय?" तिने विचारलं.

"निम्म्याच्या वर."

रिकामा करायला किती वेळ लागेल, तेही तिने विचारलं. पंपवाल्याने मान खाली घातली. पाणी बाहेर काढायचा नळ कुठे असावा याबद्दल मालकांचं मत रोज बदलत होतं, म्हणून तो अजून बसवलाच नव्हता. तिने दादाला फोन लावला. त्याने उचलला. पलीकडून तो माणसांना खाली पिटाळत असल्याचा आवाज येत होता.

"दादा, तू पण उतर."

"उतरतो गं. फरशीवाले दोघं अजून वर आहेत," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "अगं, कॉलममधून आवाज येतोय."