शेवंतीचा बधिर पाय

रविवारी सकाळी लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलरीत पाट, पाटावर शेवंतीचा मोबाइल, मोबाइलला हळदकुंकू. स्पीकरवरून स्वरनाथबाबा बोलत होता आणि माणसं हात जोडून ऐकत होती.

अनुजा गर्दीतून कशीबशी आत घुसली. ती परळच्या एका इस्पितळात कामाला. जुन्या दुखण्याने पिचलेल्या माणसांशी दर आठवड्याला फोनवर बोलायचं. दुखत असताना चालायचं कसं, झोपायचं कसं, मनातली भीती आवरायची कशी, हे त्यांच्याकडून हळूहळू करून घ्यायचं. कंबरदुखीने सात वर्षं हैराण झालेली शेवंती तिचीच पेशंट. तीन आठवडे तिने फोन उचलला नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी अनुजा स्वतः आली होती.

"लेकरा, तुझी कळ मी ओढून घेतली," बाबा म्हणत होता. "आता ती पायातून बाहेर चाललीय. पाय बधिर झालाय, तीच खूण. डॉक्टरला सांगू नकोस, माघारी फिरेल."

डॉक्टरचं नाव काढताच माघारी फिरणारं दुखणं म्हणजे रुसका जावईच की. पण हसत कुणीच नव्हतं. शेजारच्या कमलने शेवंतीच्या तळव्याला टाचणी टोचून दाखवली. शेवंतीला पत्ताच नाही. दोघींनी मोबाइलपुढे डोकं टेकलं. 

अनुजाने शेवंतीच्या कानाशी लागून विचारलं, अजून कुठे बधिर वाटतं? बसते तिथेही काही कळत नाही, शेवंती लाजत म्हणाली, आणि कालपासून लघवीलाही झालेली नाही.

"आत्ताच्या आत्ता इस्पितळात निघायचं. उशीर झाला तर पाय कायमचा जाईल," अनुजा म्हणाली.

शेवंतीचा नवरा आनंदा आडवा आला. "मॅडम, तुम्हीपण फोनवरच बोलता ना? तुमच्या बोलण्याने कळ गेली नाही. बाबांनी तर न सांगता सगळं ओळखलं."

हे अनुजाला झोंबलं. कळ जाईल असं वचन तिने कधी दिलंच नव्हतं.

एवढ्यात शेवंतीचा फोन संपला आणि कमलने आपल्या डोकेदुखीसाठी स्वतःच्या मोबाइलवरून, स्पीकर लावून, बाबाला फोन लावला. नियम असा, की आपण नाव सांगायचं नाही. बाबाच ओळखतो.

"बोल रखमा," बाबा गहिवरला. "सत्तरी ओलांडलीस, दोन्ही गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू."

कमल सव्वीस वर्षांची. ती मोबाइलकडे बघतच राहिली. 

महिन्यापूर्वी चाळीच्या अंगणात कुणीतरी येऊन फुकट तपासणी केल्याचं शेवंतीने फोनवर सांगितलं होतं. तेव्हा फॉर्मवर कुणाकुणाचा नंबर लिहिला, अनुजाने विचारलं. कोपऱ्यातून रखमाआजी म्हणाली, "माझ्याकडे खंय फोन? मी कमलचो नंबर दिलंय."

सगळा चमत्कार तो एवढाच. फोन लागला की नंबर बघायचा, फॉर्म काढायचा आणि वाचून दाखवायचं.

"पण कळ तर गेली ना?" आनंदाचा आवाज आता बारीक झाला होता.

"कळ सांगणारी नसच दबलीय, आनंदाभाऊ. दाराची घंटा बंद पडली म्हणून दारात कुणी नाही असं होतं का?"

आनंदाने बायकोला उचललं आणि टॅक्सी गाठली.

दुपारी ऑपरेशन झालं. नळीशिवाय लघवी व्हायला दोन महिने लागले. उजवं पाऊल अजून फरफटतं, ते तसंच राहील असं डॉक्टर म्हणतात. आदल्या दिवशी आली असती तर कदाचित वाचलं असतं. हे शेवंतीला माहीत आहे, आणि दर गुरुवारी फोनवर आधी ती त्यावरच रडते. अनुजा ऐकून घेते.

बाबाचा नंबर त्या दिवसापासून बंद आहे. बाबा बंद झालेला नाही.

आपुलकीच्या आवाजाने दुखणं हलकं होतं, हे खरंच आहे; अनुजाची नोकरी त्यावरच चालते. म्हणून तर जपायला हवं. आवाज कितीही गोड असो, त्याला प्रश्न विचारा. आणि डॉक्टरला सांगू नकोस असं तो म्हणाला, की तिथेच फोन ठेवा आणि सरळ डॉक्टरकडे जा.