व्हर्जिलची माणुसकी आणि माझी बेरीज

मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या त्या चपट्या गणकयंत्राला विचारा, तुझी पणजी कोण? ती मी! हाताने दांडी ओढायची, जड लोखंडी, बेरजेची मशीन. जन्म शिकागोच्या कारखान्यातला, पण सगळं आयुष्य गेलं इंडियानातल्या एका लहान गावात, डेलबर्ट हास या गणिताच्या मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर.

आमच्या गावाला बास्केटबॉलचं भारी वेड. गोठ्याच्या भिंतीवरसुद्धा चेंडू टाकायची कडी ठोकलेली असायची. डेलबर्टला मात्र खेळण्यापेक्षा मोजण्याचा नाद. रविवारी चर्चमधून आला की कोट न काढताच माझ्यापुढे बसायचा. कोणत्या कॉलेजने कुणाला, किती गुणांनी, कुणाच्या मैदानावर हरवलं, हे सारं तो माझ्यात घालायचा आणि मी खडखडत प्रत्येक संघाची पत सांगायचे. ते आकडे पेपरात छापून येत. मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण देणारी मंडळीही ते बघूनच ठरवत. काय माझा रुबाब होता म्हणून सांगू! डेलबर्टची बायको आर्डिथ चिनीमातीच्या बशांआधी मला पुसायची.

गावच्या कॉलेजचा प्रशिक्षक व्हर्जिल ओक्स हा डेलबर्टचा बालमित्र. दर रविवारी तो पर्सिमन या गोड फळाचं पुडिंग खायला हजर.

"आर्डिथ, तुझी सवत काय म्हणते गं? आम्ही पास की नापास?"

"गप गिळ," आर्डिथ म्हणायची, आणि तिघं खो खो हसायची.

व्हर्जिलच्या निवृत्तीच्या वर्षी त्याची पोरं जीव तोडून खेळली. गावाला प्रथमच आमंत्रणाची आस लागली. शेवटचा सामना एका दुबळ्या संघाशी होता आणि त्यांची निम्मी पोरं तापाने फणफणलेली. व्हर्जिलने आपले पाचही पट्टीचे खेळाडू बाकावर बसवले. "आजाऱ्यांना कसलं तुडवायचं!" म्हणाला. त्याचा संघ जेमतेम दोन गुणांनी जिंकला. सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यात डेलबर्टही होता.

पण मला मेलीला ताप कळतो की दया? दुबळ्या संघाला कसंबसं हरवलं, एवढंच मला कळलं. व्हर्जिलचा संघ आमंत्रणाच्या रेषेखाली घसरला. डेलबर्टने पुन्हा पुन्हा दांडी ओढली. उत्तर तेच.

व्हर्जिल आला तो उभ्यानेच बोलला.

"डेल, तू होतास ना तिथे? डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"पाहिलं रे."

"मग तो एक सामना धरू नकोस."

"तुझ्यासाठी सोडला तर सगळ्यांसाठी सोडावा लागेल. मग या आकड्यांना कोण कुत्रं विचारणार?"

"आणि पोरांना काय सांगू? माणुसकी दाखवलीत, आता बसा घरी?"

डेलबर्टचा हात पुन्हा माझ्या दांडीकडे गेला. व्हर्जिलने टोपी उचलली आणि पुडिंगला हातही न लावता निघून गेला. आमंत्रण दुसऱ्याच कॉलेजला मिळालं.

त्यानंतर रविवारी टेबलाशी एक खुर्ची रिकामी राहू लागली.

"अरे, जा ना त्याच्याकडे. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतो," आर्डिथ कळवळून म्हणायची.

"आधी सूत्र दुरुस्त करतो. मग तेच घेऊन जातो."

बाकावर बसवलेले खेळाडूही हिशेबात यावेत म्हणून तो वर्षभर माझ्याशी झटला. माझी दांडी झिजली, त्याचे डोळे सुजले. अखेर सूत्र जमलं. व्हर्जिलची पोरं रेषेच्या वर आली! डेलबर्टने लहान मुलासारखी टाळी वाजवली आणि घाईघाईने कोट चढवला. तेवढ्यात आर्डिथ फोन ठेवून दारात आली.

"कोट काढ, डेल. व्हर्जिल गेला रे."

तो माझ्यापुढे मटकन बसला. "मी नुसतं जायचं होतं गं," म्हणाला, "नुसतं जायचं होतं," आणि माझ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मी लोखंडाची, पण त्या दिवशी मलाही फुटावंसं वाटलं.

ते नवं सूत्र पुढे खूप वाखाणलं गेलं. डेलबर्टने एकाही कौतुकाला उत्तर दिलं नाही. नंतर संगणक आले. आता मी तळघरात आहे. माझी बटणं गंजली आहेत आणि अंगावर बोटभर धूळ आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, तेलपाणी करा, एवढं तर मी मागणारच. पण त्याआधी एक करा. कुणी जिवलग तुमच्या दारातून रुसून गेला असेल, तर आजच त्याच्याकडे जा. चूक कुणाची, ते ठरवत बसू नका. रिकाम्या हाताने जा.