डिस्क सापडत नाही

सासऱ्यांच्या दुकानात नावाच्या पाट्या कोरायचं मशीन होतं आणि ते चालवणाऱ्या कॉम्प्युटरने एके दिवशी मान टाकली. मशीन जुन्या वळणाचं. पंधरा वर्षांपूर्वीच्या सिस्टिमशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. सासऱ्यांनी नवा कॉम्प्युटर आणला आणि त्यावर ती जुनी सिस्टिम टाकायला बोलावलं कुणाला, तर धाकट्या जावयाला. थोरल्याचं स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पण धाकटा पडला मोठ्या कंपनीतला, गळ्यात ओळखपत्र घालून जाणारा.

थोरला तरी गेलाच. सहज आलो म्हणाला आणि स्टुलावर बसला. धाकट्याने सीडी घातली, निळी स्क्रीन आली आणि तिच्यावर ओळ उमटली: हार्ड डिस्क सापडत नाही. पुन्हा घातली, पुन्हा तेच. डिस्क तर आत नीट बसलेली. जुन्या सिस्टिमला नव्या पद्धतीची डिस्क दिसतच नाही, हे थोरल्याला पहिल्या फटक्यात कळलं होतं. तो चहा पीत राहिला. ती ओळ आली की दर वेळी त्याच्या जिवाला गार वाटे. सासूबाईंनी धाकट्यापुढे दुसरा कप ठेवला, याला विचारलंही नाही, तेव्हा तर त्याने ठरवलंच, तोंड उघडायचं नाही.

पाचव्या खेपेला धाकटा वळला. "दादा, मला नाही जमत. तुम्ही बघता का?"

इतकं सरळ विचारलं, की थोरल्याला मिरवायलाही जागा उरली नाही. त्याने सेटिंगमध्ये जाऊन डिस्क जुन्या पद्धतीवर लावली. सिस्टिम चढली. मशीनची रुंद पिन लावायला नव्या कॉम्प्युटरला जागाच नव्हती, म्हणून आपल्या दुकानातून ती पिन बसेल असं एक जुनं कार्ड आणून तेही आत बसवलं. संध्याकाळी मशीनची सुई पितळेच्या पाटीवर फिरू लागली.

सासरे त्या सुईकडे बघत म्हणाले, "धाकट्यांचं मन मोठं हं. अडलं तर विचारायला लाजले नाहीत."

"बाबा, केलं सगळं दादांनी."

"बघा, श्रेयसुद्धा घेत नाहीत."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवायला न थांबता तो घरी आला. बाबांचं काम झालं का, असं बायकोने विचारलं.

बूट काढता काढता तो म्हणाला, "झालं. धाकट्याने केलं." आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबला. आता ती म्हणेल, छे, तुम्हीच केलं असणार.

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि बहिणीला फोन लावायला आत गेली.