आईने धुतलेली फिल्म

मुलांनो, पूर्वी फोटो मोबाईलमध्ये नसायचे, फिल्मवर असायचे. अंधाऱ्या खोलीत ती फिल्म औषधाच्या पाण्यातून काढली की चित्र उमटायचं. त्याला फिल्म धुणं म्हणत. साबणाचा त्यात काही संबंध नाही.

हे रीळमामाच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं.

रीळमामा परक्या देशात राहून प्रयोगाचे सिनेमे काढायचा. म्हणजे असे, की ज्यांत नायक नाही, गाणं नाही, आणि सिनेमा संपला हे दिवे लागल्यावरच कळतं. या खेपेला त्याने वर्षभर जिन्याच्या दाराची नुसती मूठ टिपली होती. ती फिल्म बघून तिथल्या सरकारची एक समिती ठरवणार होती, की हा खरा कलावंत आहे का. असेल तर राहा, नसेल तर बिऱ्हाड आवर.

आई लेकाला बघायला आली होती. सकाळी निघताना तो म्हणाला, "आई, त्या डब्यातली फिल्म आज धुवायचीच आहे."

पोराने एकट्याने किती राबायचं, असं म्हणत आईने डबा उघडला, रीळ कढत पाण्यात भिजवलं, कपड्यांच्या ब्रशने खसाखसा घासलं आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातलं. सगळा काळपटपणा निघाला, म्हणून तिला फार बरं वाटलं.

रीळमामा घरी आला आणि दोरीखाली मटकन बसला. आईने विचारलं, कुठे डाग राहिला का?

नवी फिल्म करायला सवड नव्हती. आईला सोबत नेऊन त्याने तीच समितीपुढे लावली. पडद्यावर पांढराशुभ्र उजेड, आणि त्यातून ब्रशचे ओरखडे सळसळत निघालेले. समितीच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. हे कसं साधलंत, असं त्यांनी विचारलं. रीळमामाने मान खाली घालून आईकडे बोट दाखवलं.

घासताना मनात काय होतं, असं मग आईलाच विचारण्यात आलं.

"काय असणार? घाण निघावी, एवढंच," आई म्हणाली.

रीळमामाने ते शब्दशः त्यांच्या भाषेत सांगितलं. समितीतल्या एका गृहस्थांचे डोळे भरून आले.

कलावंत म्हणून राहायची परवानगी मिळाली, पण आईला. कलावंताला एक मदतनीस ठेवता येतो, म्हणून रीळमामाही राहिला. आता आई मोरीच्या दारात स्टूल टाकून बसते, आत तो फिल्म घासतो, आणि कंटाळला की ती म्हणते,

"चोळ नीट. परवाना कुणाच्या नावावर आहे?"