जुना चर

सल्लागारबाईनं उचललेलं पाऊल तसंच मागे घेतलं. समोर चर होता. गुडघाभर खोल, ताजा. काठावर काळ्या मातीची ओली ढेकळं पडली होती आणि त्यांतून लव्हाळ्याची पांढरी मुळं बाहेर लोंबत होती. पाणी त्यातून ओढ्याच्या दिशेनं असं लगबगीनं चाललं होतं, जणू त्याला कुणी घरी बोलावलंय.

मागून पाहणीवाल्या साहेबांचे गमबूट चपाक चपाक वाजत येत होते. बूट उसने असावेत, कारण प्रत्येक पावलाला साहेब आधी निघायचे आणि बूट मागाहून. त्यांच्या मागे दूधवाले काका, हातात काठी, तोंड मिटलेलं.

ह्या अंगानं तिनं सगळ्यांना मुद्दाम आणलं होतं. पाणथळाला कितीतरी शेतांच्या कडा लागलेल्या, कुणाच्या कडेला काय सापडेल ह्याचा नेम नाही. ही कड मात्र तिच्या दादाची. इथे कुणालाही डोळे झाकून आणावं, अशी तिची खात्री.

ह्या पाणथळापायी तिनं आपली जीभ झिजवली होती. शिकून परत आली ती ह्याच भागाची शेती सल्लागार होऊन. पिकावरची कीड, मातीची तपासणी, बियाणं, सगळं ती सांगायचीच. पण कुठलंही बोलणं फिरून फिरून पाणथळावर यायचं. तिथे पाणी राहू द्या, म्हणजे विहिरी जगतील, बेडूक जगतील, चिखलातल्या उंचवट्यांवर टिटव्या अंडी घालतील. लोकांनी तिचं नावच टिटवीबाई ठेवलं. आली बघा ओरडत, म्हणायचे. पण हळूहळू ऐकू लागले. नियम सोपा होता: जुने चर साफ करा, नवा एकही खणू नका. लोक शब्द पाळतात असं साहेबांना दिसलं, तर जमीन लोकांच्या भरवशावर राहणार. एक जरी नवा चर निघाला, तर भोवती तारेचं कुंपण आणि गुरांना बंदी.

"हा चर?" साहेब येऊन थांबले.

तिच्या डोळ्यांसमोर दादा आला. काल संध्याकाळी तो म्हणाला होता, उद्या मी बाजारात जातोय, तू तुझं बघ. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं.

"जुना आहे," ती म्हणाली. "वडिलांच्या वेळचा. नुसता गाळ काढलाय."

बोलली मात्र, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हेच वाक्य, शब्दाला शब्द, तिनं गेल्या वर्षी ऐकलं होतं. ह्याच दूधवाल्या काकांच्या तोंडून. त्यांच्या शेतातल्या चरापाशी सगळे जमले होते आणि काका सांगत होते, पोरी, जुना आहे गं, वडिलांच्या वेळचा, नुसता गाळ काढलाय. तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "काका, जुन्या चराच्या काठावर गवत असतं. तुमच्या काठावर तर फावड्याचे वळ उठलेत." सगळे खो खो हसले होते. काकांनी तो चर तिच्यासमोर बुजवला. ती सावलीत उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून काका तिला पोरी म्हणेनासे झाले. बाई म्हणू लागले, अहो-जाहो करू लागले. तिनं ते वहिनीला कौतुकानं सांगितलंही होतं, की बघ, आता काकासुद्धा मान देतात.

साहेबांनी काकांकडे पाहिलं. "तुम्ही शेजारी ना? जुनाच आहे हा?"

काका वाकले. त्यांनी ढेकळातलं एक पांढरं मूळ उपटलं, बोटांत चोळलं आणि टाकून दिलं. त्यांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता.

"जुनाच की," काका म्हणाले. "ह्यांच्या वडिलांनी आणि माझ्या वडिलांनी एकाच उन्हाळ्यात खणले, हा एक आणि माझा एक."

"तुमचा कुठे आहे?"

"तो काय, बांधापलीकडे. बुजवलाय आता."

"का बरं?"

"बाईंनी सांगितलं."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "जुना होता तर बुजवायची काय गरज होती?" हे ते काकांना नाही, तिला विचारत होते.

"माझ्या... माझ्या समजण्यात चूक झाली असेल," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"मग उघडा की तो तुम्ही," साहेब काकांना मोकळेपणानं म्हणाले.

"बाई म्हणतील तसं," काका म्हणाले, आणि काठी टेकत पुढे झाले.

डोक्यावरून एक टिटवी कलकलाट करत गेली. साहेब खूश झाले. "ओरडतेय बघा तुमची टिटवी," म्हणाले. टिटवीबाईच्या तोंडून मात्र पाहणी संपेपर्यंत चकार शब्द निघाला नाही.

दुपारी ती दादाच्या घरी गेली तेव्हा वहिनी ओट्यावर मटार सोलत बसली होती. दादा बाजारातून आला होता. तिला पाहताच त्याचा चेहरा असा फुलला, की भांडायला म्हणून घट्ट आवळून आणलेले तिचे ओठ सैल पडले.

"ऐकलं मी सगळं," तो म्हणाला. "लाज राखलीस गं माझी."

"कधी खणलास?"

"बस आधी. अगं, हिला चहा टाक."

"दादा, कधी खणलास?"

"परवा." त्यानं मटाराची एक शेंग उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले. "काय करणार मग? काकांचा चर तू बुजवलास. त्यांचं पाणी कुठे जाणार? सगळं येऊन बसलं माझ्या वरच्या तुकड्यात. पेरलेलं कुजलं, पुन्हा पेरलं, तेही कुजलं. त्यांचा चर वरच्या वर पाणी न्यायचा, मला खोल घ्यावा लागला."

"म्हणजे त्यांचा खरंच जुना होता?"

"होता म्हणजे? आम्ही लहानपणी त्यात होड्या सोडायचो. कागद भिजला की पानांच्या करायचो. तू एवढीशी होतीस, तुला काय आठवणार!"

वहिनीचा हात थांबला. ती नणंदेच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग गेल्या वर्षी बोलला का नाहीस? तू तिथेच होतास, दादा. हसलास पण."

दादा खरोखरच गोंधळला. "तू सगळ्यांसमोर बोलून बसली होतीस. नवी नोकरी तुझी. तुला काय मी खोटं पाडू? तेव्हा मी तुझं राखलं, आज तू माझं राखलंस. बहीणभाऊ मग कशाला असतात?"

चहा आला. तिनं कप हातात धरला आणि न पिताच खाली ठेवला. दादानं रागानं दोन शब्द सुनावले असते, तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्या डोळ्यांत तिच्याविषयी कौतुक मावत नव्हतं, आणि त्या कौतुकापुढे तिला मान वर करवेना.

सकाळी ती एकटीच चरापाशी गेली. रात्रीतून पाणी आणखी उतरलं होतं. कालपर्यंत पाण्याखाली असलेला चिखल आता उघडा पडून चकाकत होता. मधल्या उंचवट्यावर टिटवी अंड्यांवर बसलेली दिसत होती. तिच्याभोवती पाण्याचं कडं होतं तोवर तिला कुणाचं भय नव्हतं. आता काठापासून कुत्र्याच्या पावलांचे ठसे चिखलात आत आत गेलेले होते आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले होते. चिखल अजून पाय धरत होता म्हणून. उद्यापर्यंत तो धरणार नव्हता.

बांधापलीकडे दूधवाले काका उभे होते, खांद्यावर फावडं टाकून. बुजवलेल्या चरावर वर्षभराचं गवत माजलं होतं. त्याला त्यांनी अजून हात लावला नव्हता.

"खणत नाही, काका?"

"बाई म्हणतील तसं."

तिनं फोन काढला. साहेबांचा नंबर लावला. काकांपासून दूर जाऊन बोलावं असं तिला एकदा वाटलं, आणि मग तिथेच उभी राहिली.

"साहेब, मी बोलतेय. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. दादाचा चर नवा आहे... हो, मला तेव्हाच कळलं होतं. बघताक्षणी."

पलीकडून साहेबांनी काकांचं नाव काढलं.

"नाही, काका माझ्यामुळे बोलले, त्यांना काही विचारू नका. आणि त्यांचा चर जुनाच आहे. तो मी बुजवायला लावला, ती माझी चूक. ते खरं सांगत होते आणि मी त्यांचं हसं केलं... कशावरून म्हणजे..." ती अडखळली. "माझा भाऊ लहानपणी त्यात होड्या सोडायचा."

दूर घराच्या मागल्या दारात दादा येऊन उभा राहिला होता, हातात चहाचा कप घेऊन. बहीण दिसली तसा त्यानं हात उंचावला. सगळा हात, लहानपणी उंचावायचा तसा. तिला तिचा हात उचलता आला नाही.

"हो," ती फोनवर म्हणाली. "तोच भाऊ."

मग साहेब बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. कुंपणाचं काय ते तुम्ही ठरवा, म्हणाली. माझंही तुम्हीच ठरवा, म्हणाली. दादाचा चर मी आजच बुजवतेय, असंही म्हणाली, आणि फोन बंद केला. दादा अजून दारातच होता. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं तो चालत इकडे येणार होता आणि तेव्हा तिला त्याच्या डोळ्यांत बघावं लागणार होतं.

काका बांधावर काठीसारखे ताठ उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खांद्यावरचं फावडं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"होड्या दादा सोडायचा," ते म्हणाले. "तुम्ही नुसत्या काठावर बसलेल्या असायच्या. एकदा गेलात आत. एवढ्याशा होतात. मीच बाहेर काढलं तुम्हाला. नाकातोंडात चिखल नुसता, आणि काय भोकाड पसरलंत!"

तिला हसू यायला हवं होतं. काकांच्याही डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या होत्या. पण चिखलानं माखून रडणाऱ्या त्या एवढ्याशा पोरीलासुद्धा काका तुम्ही म्हणत होते.

"काका, तुमचं फावडं देता मला?" ती म्हणाली. "आमचं घरी आहे."

काकांनी फावडं खांद्यावरून उतरवलं आणि दांडा तिच्याकडे करून बांधावरून पुढे केलं.

"घ्या, बाई," ते म्हणाले, आणि स्वतःसाठी दुसरं आणायला गोठ्याकडे वळले.