विसावे नाव

नववीच्या पटावर वीस नावे नसली तर वर्ग बंद होणार होता. पट पाठवायच्या दिवशी एकोणीसच होती. मुख्याध्यापिका ज्योत्स्ना तायडे सकाळी साडेसहालाच नत्थुजींच्या ओट्यावर जाऊन बसल्या. नत्थुजी शाळा समितीचे अध्यक्ष. झेंडावंदनाला ‘आपली शाळा’ म्हणून भाषण तेच ठोकत. त्यांची नववीतली नात दामिनी मात्र व्हॅनने अमरावतीच्या शाळेत जायची.

“मॅडम, तुमच्या इथं गणिताले मास्तर नाही,” नत्थुजी म्हणाले. “पोरीचं वाटोळं करू काय?”

“दोन महिने झाले, मीच शिकवते.”

“तुमी त भूगोलवाल्या!”

ज्योत्स्नाबाईंनी पिशवीतून वही काढली. पानापानावर त्यांच्या अक्षरात गणिते आणि लाल खुणा होत्या.

“ह्या खुणा कोनाच्या?”

“पोरांच्या. मी आधी घरी सोडवते, पोरं वर्गात तपासतात. चुकलं की पुन्हा सोडवते.”

आतून नत्थुजींच्या बायको दुर्गाबाई ओरडल्या, “भाषण तुमचं, अन् पोरगी व्हॅनमधी! कावून लाजत नाही तुमी?”

दामिनी दप्तर पाठीवर घेऊन बाहेर आली आणि वहीत डोकावली. “मॅडम, हे अजून चुकलं आहे.”

“मग सोडव.” बाईंनी लाल पेन तिच्या हातात दिला.

व्हॅनचा हॉर्न वाजला. दामिनी खाली बसून गणित मांडू लागली. नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरला हात हलवून जायला सांगितलं.

बाईंनी प्रवेशाचा अर्ज पुढे केला.

“पेन दे वं,” नत्थुजी म्हणाले.

“थांबा आबा,” दामिनी मान वर न करता म्हणाली, “एवढं होऊ द्या.”